पाणी गढूळ होतं, एवढंच सांगितलं

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी त्यालाच फोन करायला उठलो होतो. पलीकडे त्याचे शेजारी होते. गवत कापता कापता तो खाली बसला, मशीन चालूच राहिलं, आवाज एकाच जागेवरून का येतोय म्हणून ते बघायला गेले... पुढचं मी नीट ऐकलं नाही. मनात एकच आलं, आज नववा दिवस. याला आता पाच आठवडे झाले. त्या नऊ दिवसांबद्दल सांगितल्याशिवाय मला दिनकरबद्दल काहीच लिहिता येणार नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी आम्ही १९७१ साली एका अपार्टमेंटमध्ये राहायला लागलो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. भातात पाणी किती घालायचं यावरून पहिल्याच दिवशी भांडलो. पुढे मी इथेच शिकवू लागलो आणि तो संशोधनाच्या प्रकल्पांवर काम करत राहिला. मासे पकडायचा नाद त्याला इथेच लागला. घरी पूर्ण शाकाहार. बास नावाचा हिरवट, मोठ्या तोंडाचा मासा तो गळाला लावायचा, क्षणभर हातात धरून बघायचा आणि सोडून द्यायचा. "खायचा नाही तर पकडतोस कशाला?" मी एकदा विचारलं. "तू लग्नाला जातोस ते काय फक्त जेवायला?" मी म्हटलं, "हो." त्यावर तो इतका हसला की होडी हलली.

जिवंत किडे तो लावत नसे. त्याच्या डब्यात असायचे ल्युअर, म्हणजे रबराची, लाकडाची, पत्र्याची नकली आमिषं. कुठलं लावायचं ते पाण्याला विचारायचं, असं तो म्हणे. बायकोच्या, म्हणजे शैलावहिनींच्या स्वयंपाकघरातून आणलेलं स्टीलचं झाकण तो आधी दोरीनं पाण्यात सोडायचा आणि किती खोल जाईपर्यंत दिसतं ते बघायचा. पुरुषभर खाली दिसलं तर पाणी नितळ. मग बारीक दोरा, खऱ्या मासोळीच्या रंगाचं छोटं आमिष आणि लांबून फेक, कारण मासाही आपल्याला बघत असतो. वीतभरावर दिसेनासं झालं तर काळं-निळं, रबरी झालरीचं जाड आमिष, नाहीतर गरगर फिरणाऱ्या पत्र्याचं, आणि तेही बुडालेल्या ओंडक्याला जवळजवळ घासून न्यायचं. "गढूळ पाण्यात त्याला दिसत नाही, तो अंगानं ऐकतो," दिनकर सांगायचा. पाणी गार असलं की रबरी गांडूळ तळावरून इतकं सावकाश ओढायचा की मला डुलकी लागे. मला तेवढा धीर नव्हता. दर पाच मिनिटांनी मी आमिष बदलायचो. "यार, तू माशाला मेन्यू कार्ड दाखवतोयस. एक काहीतरी ठरव आणि थांब." थांबणं त्याला जमायचं...

आम्हाला इथे येऊन पंधरा वर्षं झाली आणि या उन्हाळ्यात त्याचा प्रकल्प संपला. दुसऱ्या गावी कंपनीत नोकरी मिळाली होती, ती सुरू व्हायला थोडा अवकाश होता. घरात सामानाची बांधाबांध चाललेली. जायच्या आधी एकदा म्हणून आम्ही तळ्यावर गेलो. आदल्या दोन दिवसांच्या पावसानं पाणी चहासारखं झालं होतं. झाकण वीतभरावर नाहीसं झालं. त्यानं काळं-निळं आमिष बांधलं, दोनदा फेकलं आणि गळ खाली ठेवून छातीवर तळवा दाबला. चेहरा घामानं डबडबला. "काल शैलाची भजी जास्त झाली," तो म्हणाला. पण डावा हात तो मांडीवर मेल्यासारखा धरून होता. मी होडी किनाऱ्याला आणली.

"चल, इमर्जन्सीत जाऊ."

"वेडा आहेस का? जुना इन्शुरन्स प्रकल्पाबरोबर संपला, नवा सोळा तारखेपासून सुरू होतोय. आज डॉक्टरनं काही लिहिलं तर नवी कंपनी म्हणेल, हा आधीचा आजार, आम्ही देणार नाही. मग जन्मभर बिलं भरत बसा."

मी बोटांवर दिवस मोजले. होय, मीच मोजले. "अकराच दिवस तर आहेत," मी म्हणालो. हे वाक्य त्याचं नाही, माझं आहे.

घरी पोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. "भावजी, ह्यांचा चेहरा असा का उतरलाय?" मी म्हटलं, "पाणी गढूळ होतं, वहिनी. एकही मासा लागला नाही." मागे दिनकर माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मी वाचवलं त्याला.

मग रोज सकाळी दहाला मी फोन करायचो. घंटा चारपेक्षा जास्त वाजली की मी गाडीची किल्ली हातात घ्यायचो. "जिवंत आहे रे," तो उचलताच म्हणायचा. नवव्या दिवशी फोन आधी माझाच वाजला.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगत होत्या, "काहीच लक्षण नव्हतं हो. एकदम गेले." लोक मान हलवायचे. मीही हलवायचो. गेल्या रविवारी त्यांनी मला बोलावलं. आता त्या गाव सोडणार नव्हत्या, बांधलेली खोकी परत बेसमेंटमध्ये ठेवायची होती. मी खोक्यांना हात लावण्याआधी सगळं सांगितलं. घाम, डावा हात, अकरा दिवस.

त्यांनी विचारलं, "किती वेळ दुखत होतं?" मी सांगितलं. "त्या नऊ दिवसांत मी त्यांच्याकडून ही सगळी खोकी खालून वर आणवली, भावजी. ते मधेच जिन्यात थांबायचे, तर मी म्हणायचे, आळशीपणा पुरे." त्यांचा आवाज चढला नाही. "मला सांगितलं असतंत, तर मी उचलली असती."

मी खोकी उचलू लागलो. प्रत्येकावर दिनकरच्या टपोऱ्या अक्षरात आत काय आहे ते लिहिलेलं. सातवं पुस्तकांचं होतं, फार जड. त्यावर पुस्तकांच्या यादीखाली आणखी एक ओळ होती: शैला, हे तू उचलू नकोस.

मी जिन्यात तसाच उभा राहिलो. वहिनी वरच्या पायरीवर होत्या, त्यांनीही ते वाचलं असावं.

"खाली ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि ती बाजू भिंतीकडे करू नका."