बोलणे, वर्तमानकाळ

चूक माझीच. लातूरला लेकीच्या कॉलेजात मॅडमनी बोलावलं म्हणून गेलो. वर्गात फळ्यावर फ्रेंचमधल्या 'बोलणे' या क्रियापदाचा तक्ता होता. लेकीशेजारी बसल्या बसल्या मी शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, "इल्स पार्लेंट." अक्षर न् अक्षर वाचलं. मी कारकून. कागदावर जे असेल ते सगळं वाचायचं, ही सवय.

मॅडम दारातच उभ्या होत्या. हसल्या. "इल पार्ल. ते बोलतात. शेवटची अक्षरं लिहायची, बोलायची नाहीत." मग लेकीकडं वळून, गोड आवाजात, "आता कळलं. उच्चार घरून येतात. तुमच्याकडच्या मुलींना नाही जमत हे."

मीही हसलो. दात काढून.

त्यांनी विषय बदलाचा अर्ज पुढं सरकवला. फ्रेंच सोडायचं, खाली पालकाची सही. माझं पेन खिशातून निघालंसुद्धा.

धर्माबादच्या शाळेत, आठवीत, 'पठन्ति' म्हणताना मी अडखळलो होतो. गुरुजी म्हणाले, "तुमच्या वस्तीच्या जिभेला संस्कृत चालत नाही. हिंदीच्या वर्गात जा." मी म्हणालो, "हाव गुरुजी." दप्तर उचललं. कुणी हाकललं नाही. माझ्याच पायानं गेलो. तो होकार, तो 'हाव', तेव्हापासून माझ्या मागं फिरतो. साहेबाच्या केबिनमध्ये, बँकेत, सोयऱ्यांच्या बैठकीत. मी तोंड उघडायच्या आत तो बोलून मोकळा.

आताही तोच जिभेवर आला होता. लेक माझ्या तोंडाकडं बघून राहिली होती.

"न्हाई," मी म्हणालो. आवाज फाटला. "चुकलो मी, मॅडम. नापास मला करा. तिचं ऐका."

लेक उभी राहिली. झ पार्ल. त्यु पार्ल. इल पार्ल. मग नू पार्लों. पार् आणि लों, दोन तुकडे, दुसरा नाकातून, शेवटचा 'स' गिळलेला. वू पार्ले. इल पार्ल. कुठं अडली नाही.

मॅडमनी अर्ज फाईलीत ठेवला. फाडला नाही. "बघू," म्हणाल्या.

घरी बायकोला सगळं सांगितलं, गुरुजींसकट. लग्नाला वीस वर्षं झाली, ते कधी सांगितलं नव्हतं. ती पीठ मळत ऐकत होती. मला वाटलं, शाबासकी देईल.

"एकदा न्हाई म्हणून भागत न्हाई," ती म्हणाली. "अर्ज फाईलीत हाय. ती बाई परत बोलवंल. तवा मी बी येते."