लिंबाला टांगलेली तार

लढाईच्या दिवसांत सायकलचा साधा नवा वॉल्व्ह मिळायची मारामार, आणि मला हवी होती तीन गिअरची सायकल! मी देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला एका लहानशा दवाखान्यात नर्स होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "सोमवारी औषधांची पेटी घेऊन माळावरच्या गावात नऊच्या आत पोच. जमलं तर पाचही गावांची फेरी तुझी. नाही तर पट्ट्या गुंडाळायला इथे आहेसच." पट्ट्या गुंडाळून माझा जीव विटला होता. फेरी मला हवीच होती.

आडवा येत होता तो माळाचा चढ. मागे पेटी बांधली की माझी सायकल तिथे अडेलतट्टूसारखी उभी राही.

राहुरीच्या मिस्त्रींकडे एका साहेबाची मोडीत निघालेली सायकल होती. तिच्या मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे आऱ्या जिथे मिळतात त्या मधल्या नळीत, तीन गिअर शाबूत होते. "चाक सायबाचं, सांगाडा तुमचा," मिस्त्री म्हणाले. "लगीन जमंल बाई, पन मानपान लई."

आणि मानपान होताच. चाक बसेना म्हणून सांगाडा फाकवला. दातेरी चक्र मोठं निघालं, साखळी तोकडी पडली, मग दुसऱ्या जुन्या साखळीच्या कड्या जोडल्या. गिअर ओढायची तार कुठेच मिळेना, तेव्हा आम्ही दोघांनी बारीक तारा पिळून एक तयार केली. शनिवारी खटका ओढला आणि पाय एकदम हलके झाले. मी भर बाजारात वेड्यासारखी हसत सुटले.

रविवारी चर्चहून येऊन सायकलवर बसले, तर हलका गिअर लागेचना. मधल्यावर पायडल रिकामं फिरे. मी साखळी काढली, घातली, पुन्हा काढली. त्या उसन्या कड्यांचा मी मनसोक्त उद्धार केला.

आबा, माझे वडील, मोट सोडून आले. बाईमाणसाची सायकल त्यांना मुळीच पसंत नव्हती. महिनाभर ते तिच्याकडे पाठ करून जेवायला बसत होते. त्यांनी अंगठ्याने तार दाबून पाहिली.

"साखळीला कशापायी शिव्या देती? तार ढिली पडलीय."

"कालच ताणून बांधलीय, आबा."

"नवा दोर तसाच मोटंला लावला तर काय हुतं?"

माझी मलाच लाज वाटली. नवा दोर ओझ्याने वाढतो, मोटेची सोंड खाली लोंबते आणि भरलेलं पाणी विहिरीतच सांडतं. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नवा दोर आधी धोंडा बांधून लिंबाला टांगत. मोटेच्या घरची पोर मी, आणि नेमकं हेच विसरले.

आबांनी तारेला धोंडा बांधला. संध्याकाळपर्यंत ती दोन बोटं वाढली होती. मग मी ती बेताने कापून बांधली.

सोमवारी मी तो चढ न उतरता चढले. वर पोचले तेव्हा माझा श्वास फुलला होता आणि आनंदाने मी गात होते. नऊला अजून अवकाश होता.

फेरी मिळाल्याचं सांगायला मी थेट मळ्यात गेले. आबा "बरं" म्हणाले आणि बैल हाकू लागले. लिंबाला आणखी एक पिळलेली तार टांगलेली होती, खाली धोंडा.

"ही कशाला, आबा?"

"पाच गावं हायती. एक तार किती दिस पुरंल?"