चंद्रीच्या गुडघ्यातला थवा

"कॉइल बंद कर!" डॉक्टर मॅडम ओरडल्या.

"बंदच आहे, मॅडम," मी म्हणालो.

तरी सोनोग्राफीच्या पडद्यावर तो पांढरा ठिपका सरकतच होता. ठिपका म्हणजे आमच्या मायक्रोरोबोंचा थवा. नाव मोठं, जीव केवढासा! धुळीएवढे चुंबकी मणी, त्यांच्या अंगावर जिवंत पेशी. झिजलेल्या गुडघ्यात ते सुईनं सोडायचे आणि बाहेरून कॉइलनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या लोहचुंबकानं, जखमेपर्यंत हाकायचे. मेंढरं वळण्यासारखंच काम, फक्त काठी दिसत नाही.

नळदुर्गजवळच्या आमच्या शेडमधली ही ट्रायल. शेळी सुभद्रामावशींची, नाव चंद्री. तिला त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती लंगडायला लागल्यापासून खाटीक दारावरून चकरा मारत होता. पाय सुधारला तरच ती वाचणार होती.

चंद्रीला भूल दिलेली. मी थवा उजवीकडे वळवला, तो डावीकडे गेला. सगळं बंद केलं, तरी कुणी हाक मारल्यासारखा खाली उतरत राहिला. त्याच बाजूला सुईचं छिद्र होतं. तिथून रक्तात निसटला असता तर चंद्री टेबलावरच गेली असती. भर दुपार होती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण खरं सांगतो, मी मागं वळून पाहिलं.

मागं मावशी होत्या. पडद्याकडे टक लावून, हात जोडून.

"निघालं बगा," त्या पुटपुटल्या. "लई दिस बसलं हुतं पायात."

"काय निघालं, मावशी?"

"भायेरचं. खाली लोखंड ठिवलंय म्या."

मॅडमनी चंद्रीखालचं पोतं उचकटलं. घडीत विळा! बाहेरची बाधा उतरावी म्हणून आजाऱ्याच्या अंथरुणाखाली लोखंड ठेवायची इकडं रीतच आहे. घड्याळं, पट्टे आम्ही सगळ्यांचे उतरवले होते, पोतं कुणी झटकलं नव्हतं. कॉइलच्या जोरानं विळाच चुंबक झाला होता आणि थवा ओढत होता.

विळा काढला, तसा थवा थबकला. मी कॉइल सुरू करून त्याला माघारी नेलं, जखमेवर बसवलं. मॅडमनी सुस्कारा सोडला. मावशी मात्र पांढऱ्याफटक पडल्या.

"अवो, निघालेलं परत आत घातलं व्हय तुमी?"

मी पेशी, चुंबक, सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली.

पोतं आता आम्ही झटकतोच. पण आत काय सोडतोय ते सुई टोचायच्या आधी सांगावं. नंतर सांगितलं की त्याची सारवासारव होते.

पाय बरा झाल्यावर मी चंद्रीला घेऊन मावशींच्या दारात गेलो.

"बघा, कशी चालते!"

मावशी उंबऱ्याच्या आतच थांबल्या. "चालतंय खरं," त्या म्हणाल्या. "पर कोण चालतंय?"

चंद्री आमच्या शेडमध्येच असते.