हिरव्या गंबोची कृती

आईला घेऊन लुइझियानाला जायचं ठरलं, ते ती जेवत नव्हती म्हणून. बाबा गेल्यावर मी तिला माझ्या घरी, फ्रिस्कोला आणलं. पाच महिने झाले होते, आणि भाताचा तिसरा घास तिच्या तोंडात गेलेला मी पाहिला नव्हता. "पुरे गं," म्हणायची आणि पाणी प्यायची. पिठलं, थालीपीठ, पुरणपोळी, सगळं करून झालं. मी ओरडून पाहिलं, रडूनही पाहिलं. तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते. पंधरा दिवसांनी ती साताऱ्याला परत जाणार होती आणि तिथे एकटी राहणार होती.

नवरा म्हणाला, "हवाबदल करून बघू यार. सात तासांचा ड्राइव्ह आहे. मी कॉटेज बुक करतो."

गाव शेतांमधलं आणि पार फ्रेंच. रस्त्यांच्या पाट्या फ्रेंच, चर्चच्या पायरीवर म्हातारे फ्रेंचमध्ये भांडत बसलेले. कॉटेजची मालकीण पंच्याहत्तरीची, शेजारच्याच घरात राहणारी, तीही नवरा गेलेली. तिने आईचे दोन्ही हात धरून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हटलं. आईने मराठीत "हो ना," म्हटलं. एवढ्यावर दोघींचं जमलं. मला मात्र पाच महिन्यांत ते जमलं नव्हतं, आणि मला त्याचा चक्क रागच आला.

पहिले दोन दिवस फुकट गेले. दलदलीत बोटीतून फिरायला गेलो. पाण्यात उभी झाडं, फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ, पांढरे बगळे. बोटवाल्याने काठीला कोंबडीचा तुकडा लावून मगर वर बोलावली. आईने पदर नाकाला लावला आणि तोंड फिरवलं ते किनारा येईपर्यंत. पेट्रोल पंपावर नवऱ्याने गरमागरम सॉसेज घेतलं आणि गाडीमागे उभं राहून चोरासारखं खाल्लं. आईने दशमीचा एक तुकडा मोडला आणि उरलेली परत डब्यात ठेवली.

आईचं सोवळं साधंसुधं नव्हे. लहानपणी डॉक्टरांनी मला अंडी द्यायला सांगितली, तेव्हा बाबा गॅलरीत स्टोव्हवर ती उकडायचे. त्याचं पातेलं वेगळं, चमचा वेगळा. ते पातेलं स्वयंपाकघराचा उंबरा कधी चढलं नाही. लग्नाआधी बाबा बाहेर मासे खायचे. आईने एकदाच सांगितलं, आणि त्यांनी पुढची पंचेचाळीस वर्षं माशाला हात लावला नाही.

मालकिणीला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: नो मीट, नो चिकन, नो एग्ज. एरवी मी हॉटेलात वेटरला रडवते. सूप कशात शिजवलंय, तळण एकाच तेलात का, सगळं विचारते. पण शुक्रवारी दुपारी ती बाई एप्रनला हात पुसत मोठं पातेलं घेऊन आली, तेव्हा मी काहीच विचारलं नाही. ती अगदी आपल्या काकूंसारखी दिसत होती.

पातेल्यात हिरवा गंबो होता. सात-आठ पालेभाज्या एकत्र शिजवलेला दाट रस्सा, गरम भातावर घालायचा. आईने वास घेतला. "अळूच्या फदफद्यासारखं दिसतंय गं," म्हणाली आणि कालवून घास घेतला. मग दुसरा घेतला, तिसराही. मी मोजत होते. नवऱ्याने माझा हात दाबला. आईने भात पुन्हा वाढून घेतला, बोटं चाटली आणि म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं." मग पाच महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर रडली. मालकीण तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मी पातेलं घासून परत द्यायला गेले आणि खुशीत कृती विचारली. बाई म्हणाली, "नो मीट, जस्ट लाइक यू सेड. जस्ट ग्रीन्स, अँड क्रॉफिश."

क्रॉफिश म्हणजे तिथली गोड्या पाण्यातली कोळंबी. तिची टरफलं तासभर उकळून केलेल्या पाण्यात तो पाला शिजला होता. ईस्टरच्या आधीचे त्यांचे उपासाचे दिवस होते. उपासाला मीट चालत नाही आणि मासळी चालते, कारण मासळी त्यांच्या लेखी मीट नाहीच. तिने आम्हाला स्वतःचं उपासाचं अन्न वाढलं होतं. तिच्यावर काय चिडणार? यादीत मासे घालायला मीच विसरले होते.

परत आले तर आई व्हरांड्यात गाढ झोपली होती. नवरा म्हणाला, "सांगू नकोस. प्लीज."

सांगितलं असतं, तर तिने त्या एका दुपारीपायी उरलेलं आयुष्य उपास करत काढलं असतं. न सांगून मी तिचा सत्तर वर्षांचा नेम तिच्या नकळत मोडत होते. दोन्हीकडून पाप माझंच होतं. मी तिच्या अंगावर पांघरूण घातलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "मला नीट लिहून दे. तिकडे करून बघते."

मी लिहून दिलं. मोहरीचा पाला, पालक, कोबीची पानं, मुळ्याचा पाला. मैदा तेलात तांबूस होईपर्यंत परतायचा. मग पुढच्या ओळीवर पेन अडलं आणि मी लिहिलं: पाणी, चार वाट्या.

साताऱ्याहून तिचा फोन आला तो दीड महिन्याने. व्हिडिओत गळ्याची हाडं दिसत होती.

"तीनदा केलं गं. तुझा कागद समोर ठेवून केलं. चार वाट्या पाणीच ना? नीट आठवून सांग."

"पाणीच, आई."

"मग दोन घासांपुढे का जात नाही?"

तिने ताटली कॅमेऱ्यासमोर धरली. भात तसाच होता.

"मीठ थोडं वाढवून बघ," मी म्हणाले.