बाणातला ण

हंसा जगदाळे ही खाडीकाठच्या उमेळ्याची लेक आणि बोळिंजची सून. माहेरी भातशेती, आणि माणसांच्या तोंडी ‘ण’ हे अक्षरच नाही. पानी, लोनी, कोन, पन. सगळीकडे नळातला न. लिहिताना हंसा कधी चुकली नाही, बी.एड.लाही पहिल्या वर्गात आली. पण लग्न होऊन साताऱ्याकडून बोळिंजला येऊन राहिलेल्या कुटुंबात आली आणि पहिल्याच दिवशी सासऱ्यांना तिनं विचारलं, “पानी देऊ?”

नणंद हसत म्हणाली, “वहिनी, पानी म्हशीला दे, आम्हाला पाणी दे.”

त्यानंतर कित्येक दिवस हंसा न्हाणीघरात नळ सोडून ‘बाण, बाण’ घोकायची. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ. हळूहळू जीभ वळली. पुढे आई गेली, माहेरचं येणंजाणं कमी झालं, आणि ते जुनं बोलणं बोलायला कुणी उरलंच नाही.

कामणच्या हायस्कुलात मराठीच्या बाई झाल्यावर मात्र तिनं एक नेम पाळला. खाडीकाठच्या पोरांना ती उच्चारावरून कधी टोकत नसे. “कागदावर बाणातला ण लिहा, बोलताना आपल्या आईचा बोला,” असं ती पहिल्याच तासाला सांगून टाकी.

नववीतली हेमांगी भोईर या नेमाखाली वाढलेली. धडा वाचायला उठली की मागच्या बाकावरचा सुरजसुद्धा पाय हलवायचा थांबे. ती वाचताना मध्येच थांबून वर्गाकडे बघे, जणू पुढचं तिलाही ठाऊक नाही. आणि पानी म्हणे तेव्हा ते पाणी खरोखर विहिरीतून वर येतंय असं वाटे. हंसाला मूलबाळ नव्हतं. आपण शिकवलेलं कुठे उगवलं असेल तर या मुलीत, असं ती मनात धरून होती.

शाळेत याआधी आलेले संगणक अभ्रे घालून बसले होते. प्रोजेक्टरचा दिवा गेला तो गेलाच. त्यामुळे जवळच्या एका गोदामवाल्या कंपनीनं टॅब दिले तेव्हा हंसानं फार मनावर घेतलं नाही. पण हे टॅब चालत होते, आणि चांगले चालत होते. पडद्यावर उतारा येई, मुलानं तो मोठ्यानं वाचायचा; बरोबर वाचलेला शब्द हिरवा होई, चुकलेला लाल. ज्यांचं लाल जास्त, ते कच्च्या गटात. त्या गटानं गणिताच्या तासाला व्हरांड्यात बसून पाचवीचे उतारे वाचायचे.

हेमांगीचा पडदा लालेलाल झाला.

हंसा मुख्याध्यापक चंद्रहास सरांकडे गेली. मुलगी वाचनात शाळेत पहिली आहे, हे यंत्राला कळत नसेल तर आपण तरी सांगू या, म्हणाली. सर वाईट माणूस नव्हते. इतकी वर्षं मागून मागून शाळेला पहिल्यांदा चालणारी वस्तू मिळाली होती. ते म्हणाले, “बाई, माणूस पक्षपात करतो. यंत्र करत नाही.”

मग कंपनीतर्फे मुंबईहून येणाऱ्या अनुष्काला तिनं गाठलं. त्या मुलीनं अदबीनं ऐकून घेतलं. वरती कळवते म्हणाली, आणि खरंच कळवलं. उत्तर आलं की उच्चार प्रमाण असावेत. एवढंच.

हेमांगी व्हरांड्यात बसू लागली. पाचवीचा उतारा हातात घेऊन ती आतल्या फळ्याकडे मान वळवून गणित बघायचा प्रयत्न करी. गणित बुडालं तर दहावी बुडेल, हे हंसाला दिसत होतं. एक दिवस शाळा सुटल्यावर तिनं मुलीला थांबवून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाली, “म्हण, बाण.”

पोर हुशार. दिवाळीच्या आत तिचा पडदा हिरवा झाला आणि ती गणिताला आत बसली. वर्गात पुन्हा धडा वाचायला उठली, तेव्हा मात्र प्रत्येक ण च्या आधी जराशी अडखळली, ओढा आला की माणूस पाय उचलून धरतो तशी. वर वर्गाकडे बघेना. डोळे पुढच्या ण च्या शोधात. सुरजचे पाय हलत राहिले. तिला थांबवून पूर्वीसारखं वाच म्हणावं, असं हंसाच्या ओठांवर आलं; पण टॅब समोरच होता.

पुढे कामण नाक्यावर भाजी घेताना हेमांगीची आई भेटली. हसतच म्हणाली, “तुमची पोर आता मला शिकविते, बाई. तोंड उघारलं का चूक काढते. मी बोलनंच टाकलंय.” हंसाही हसली. भेंडी निवडायची राहिली ती राहिलीच.

मग पालकसभा झाली. चंद्रहास सरांनी भिंतीवर आलेख लावला होता. सर्वांत जास्त प्रगती: हेमांगी भोईर. मुलीच्या आईला पुढच्या खुर्चीवर बसवलं. बाई नवं लुगडं नेसून, ओठ घट्ट मिटून बसली होती. काहीही विचारलं की मान हलवी. शेजारी हेमांगी उभी होती आणि आईच्या तोंडाकडे नजर ठेवून होती.

हंसाला राहवलं नाही. या बाईनं एकदा तरी इथं निर्धास्त बोलावं म्हणून तिनं पेला भरला, जवळ गेली आणि इतक्या वर्षांनी माहेरचं बोलायला तोंड उघडलं.

“वैनी, पानी देऊ?”

तिचं तिलाच ते कानाला कसंतरी लागलं. नाटकात शहरी नटीनं गावची बाई करावी तसं. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. आईनं पटकन खाली बघितलं.

हेमांगीचा चेहरा पांढरा पडला होता. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, “बाई, माझ्या आईच्या बोलण्याची चेष्टा नका ना करू.”

‘बोलण्याची’मधला ण स्वच्छ आला होता. कुठंही अडखळ नव्हती.

हंसाला सांगायचं होतं की ही माझ्याही आईची बोली. पण कुठल्या तोंडानं सांगणार? हेमांगीच्या आईनं हात पुढे करून पेला घेतला आणि पाणी पिऊन रिकामा पेला परत दिला.