रिपोर्टखालच्या दोन ओळी

यंदा होळीनंतर रोहणा गावच्या एका मुलीचे ठरलेले लग्न मोडले. त्याच आठवड्यात माझ्या मोठ्या बहिणीला आर्वीच्या रक्ततपासणी लॅबमधून, जिथे ती टेक्निशियन होती, कामावरून काढण्यात आले. मुलीचा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रिपोर्ट तिने फोडला, असा आरोप होता.

मुलीचे वडील आमच्या घरी आले. ते बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्यावर भरोसा ठेवून पोरीले आणलं होतं. काऊन सांगतलं?"

"मी कोणालेच सांगतलं नाई, काका. गावात पयले कोण बोललं?"

त्यांनी आपल्या शेजारणीचे नाव घेतले. ती नवऱ्या मुलाची मावशी. दुसऱ्या दिवशी मी आणि बहीण तिच्याकडे गेलो. तिने पिशवीतून स्वतःचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट काढून दिला. वर तिचे नाव आणि साखर. खाली, जिथे कागद कोरा असायला हवा, तिथे दोन ओळी : त्या मुलीचे नाव आणि सिकलचा निकाल.

"मले वाटलं, मलेच सिकल निंगाला. मंग नाव वाचलं."

"वाचलं तं वाचलं, मावशी. गावभर कायले केलं?"

"बहिणीच्या पोराचं लगन हाय. चूप कशी बसू?"

तो कागद आम्ही लॅबच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी यंत्राच्या कंपनीकडून बोलावलेल्या इंजिनिअरने कारण शोधले. दोन्ही तपासण्या एकाच यंत्रावर होतात. यंत्राचा निकाल संगणकात घेताना ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यासाठी मेमरीचा एक तुकडा देतो. तो वापरण्याआधी पुसायचा असतो. यंत्रासोबत आलेल्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे यंत्र संगणकाला जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये, हे पुसणेच राहून गेले होते. सिकलचा निकाल लांब, साखरेचा आखूड. आखूड निकाल लिहून झाल्यावर उरलेल्या जागेत आधीच्या रुग्णाच्या शेवटच्या ओळी तशाच राहत आणि छापल्या जात. कागद थेट काउंटरवर निघत. बहिणीच्या नजरेखालून जात नसत.

एका गावच्या बाया एकाच ऑटोने येतात आणि एकीपाठोपाठ एक रक्त देतात. त्यांच्या नळ्याही यंत्रात तशाच लागतात. त्यामुळे एकीच्या उरलेल्या ओळी जिच्या कागदावर गेल्या, ती ओळखीचीच निघाली.

लॅबच्या डॉक्टरांनी बहिणीला बोलावले.

"तुझी चूक नाही, हे मला कळलं. पण लोक तुझंच नाव घेऊन राहिले. मी कोणाकोणाला कर्नल समजावू?"

ड्रायव्हरची दुरुस्त आवृत्ती बसवण्यात आली. बहिणीच्या जागी तळेगावची एक मुलगी रुजू झाली आहे.