ते झोपलेत

नंदकुमार लिमये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या कारखान्यात अठरा वर्षं एकच काम करत आला: संशय घेणं. तिथे गळ्यात घालायचा बिल्ल्याएवढा गजर बनतो. एकटं राहणारं म्हातारं माणूस पडलं की तो आपण होऊन फोन लावतो. बाकीचे तो बनवायचे. नंदकुमार तो ऐनवेळी वाजणार नाही असं धरूनच तपासायचा. पगार त्याचाच होता, पण सवय घरीही आली. कुलूप लावून दोनदा ओढायचं. दुधावरची तारीख वाचायची आणि तरी वास घ्यायचा.

या हिवाळ्यात कंपनीने त्याच्याकडे जर्मनीची मोठी शहरं सोपवली. कुठल्या शहरात किती घरं, घरात माणसं किती, वयं काय. रकानेच्या रकाने, आणि जवळजवळ निम्म्या घरांपुढे एकच आकडा: एक. तिशीच्या आतले एक, पंचाहत्तरीच्या पुढचे एक. मधल्या वयात घरं जराशी भरतात, मग पुन्हा ओसरतात. नंदकुमारचा त्यावर विश्वास बसेना. एवढी माणसं एकटी जेवतात? पाणी कुठंतरी मुरत होतं.

त्यातली एक त्याची मुलगी होती. मुक्ता, चोवीस वर्षांची, हॅम्बुर्गला शिकायला गेलेली. "कागदावर एकटीच आहे, बाबा," ती म्हणाली होती. 'कागदावर' हा शब्द त्याने तेव्हाच बाजूला काढून ठेवला होता. दुसरं टोक पुण्यात: आई, एक्याऐंशी वर्षांची, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटी. कंपनीचा बिल्ला तिला नेऊन दिला, तर तिने तो देवघराच्या खिळ्याला टांगला. "देव पडला तर कळेल तुला," म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी एकला त्याने मुक्ताला फोन केला. चार वर्षांची असताना ती गॉलवेला आली. मराठी समजतं सगळं, बोलते तोडकंमोडकं. त्या दिवशी ती कुजबुजली, "बाबा, हळू. स्पीकरवर आहेस. ते झोपलेत."

"कोण ते?"

"नंतर करते फोन. ऑल ग्रँड."

फोन बंद झाला. नंदकुमार काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत राहिला. नाव नाही, गाव नाही, नुसतं 'ते'. मराठी बाई नाव न घेता कुणाला 'ते' म्हणते? त्याची आई जन्मभर वडिलांना तसंच म्हणत आली. ते जेवले. ते झोपलेत.

"शोभना," तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला म्हणाला, "मुक्तानं लग्न केलंय."

"कुणाशी?"

"'ते' आहेत कुणीतरी. भर दुपारी झोपतात. म्हणजे नोकरी नाही."

"रविवार आहे, नंदू. आणि मी कधी तुला 'ते' म्हटलंय? घरात जे ऐकलंच नाही ते पोरगी कुठून शिकेल?"

"आईकडून. दर सुट्टीत तिच्याकडेच तर असायची."

शोभनाचा बशी पुसणारा हात थांबला.

मग त्याने मुक्ताने पाठवलेले फोटो काढले आणि कारखान्यात बिल्ला बघतो तसे एकेक बघितले. नाताळातला एक: मुक्ता नवा कोट घालून दारात उभी. हा त्याने वीसदा पाहिला होता. आता मोठा करून पाहिला, तर दारामागे पुरुषाचे बूट. तपकिरी, चकचकीत पॉलिश केलेले.

शोभनाने चष्मा लावला. "मोठे आहेत," एवढंच म्हणाली.

लग्नाचं त्याला एवढं नव्हतं. आपल्याला सांगावंसं वाटलं नाही, हे खुपत होतं. शाळेपासून तिची प्रत्येक गोष्ट आपण दोनदा ओढून बघत आलो. तरी हे सुटलं? की म्हणूनच सुटलं?

अडीचला तिचा व्हिडिओ कॉल आला.

"ते उठले का?" नंदकुमारने विचारलं.

"हो, कॉफी घेतायत."

"दाखव. आणि बूट कुणाचे आहेत तेही सांग."

मुक्ताने फोन फिरवला. खिडकीपाशी एक वाळकी म्हातारी दोन्ही हातांत कप धरून बसली होती.

"धिस इज फ्राउ एबरहार्ट. एटी-थ्री."

"अगं, मग 'ते' काय? बाईमाणसाला 'त्या' म्हणतात!"

"रिस्पेक्ट द्यायचा तर 'ते' ना? आजी म्हणते तसं."

शोभना मागून फसकन हसली. नंदकुमार हसला नाही. मग सगळं बाहेर आलं. म्हातारीच्या घरातल्या खोलीला भाडं नाही. खोली जितके चौरस मीटर, महिन्याला तितके तास काम. बाजार, औषधं, दारातला बर्फ. सरकारी नोंद मात्र दोघींची वेगळी. म्हणून कागदावर एक आणि एक.

"सांगितलं का नाहीस?"

"तू त्यांचे रिपोर्ट्स मागितले असतेस, बाबा. आणि... आजी तिथे एकटी, मी इथे दुसऱ्याच आजीकडे. तू काय म्हणाला असतास?"

"बूट?" तो म्हणाला.

मुक्ताने जर्मनमध्ये विचारलं. म्हातारी बोट नाचवत बरंच काही बोलली.

"त्यांच्या नवऱ्याचे. ही डाइड एजेस अगो. पॉलिश करून दारात ठेवतात, घरात पुरुष आहे असं वाटावं म्हणून. कुणावर ट्रस्ट नाही त्यांचा. तुझं आणि त्यांचं मस्त जमेल."

पडद्यातून दोघांनी एकमेकांना न्याहाळलं. हसलं कुणीच नाही.

फोन ठेवल्या ठेवल्या त्याने पुण्याला लावला. तिथे आईचं जेवण चाललं होतं.

"आई, एक कर. माझ्या जुन्या चपला आहेत ना, त्या संध्याकाळी दाराबाहेर ठेवत जा. कुणाला वाटावं, घरात..."

"तुझ्या कशाला? त्यांच्या आहेत की. ते गेले त्या दिवसापासून ठेवतेय."

अकरा वर्षं. दर वर्षी त्याने त्या चपलांशेजारी आपले बूट काढले होते, आत जाऊन आईची कुलपं, कड्या, गॅसची नळी तपासली होती. आईला त्या टाकवत नसतील, असं धरून चालला होता. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्याने न तपासता धरली होती.

"आई," तो कुजबुजला.

"बोल ना," आई म्हणाली. "कुणी झोपलंय का तिकडे? इतकं हळू का बोलतोयस?"